आईच्या भाषेचा वर्ग

लावरेंती शेगाय कुजबुजला तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. जन्मभर ट्रॅक्टरवर बसलेला माणूस, कान अर्धे गेलेले, त्यामुळे सगळं जगच अर्धवट बहिरं आहे अशी त्याची समजूत. त्याच्या घरात काय शिजतंय, मुलीचा फोन आला की नाही, आज कुठला गुडघा दुखतोय, हे सगळं मला कुंपणाच्या अलीकडे बसून कळायचं. मी बाजारात विकायला गाजराची नि वांग्याची तिखट लोणची करते, दिवसभर अंगणात चिरत बसलेली असते. कानावर पडतं त्याला मी काय करणार? आमच्या दोन अंगणांच्या मधे एक तारेचं कुंपण आणि एक जर्दाळूचं झाड. मूळ त्याच्याकडे, फांद्या माझ्याकडे. त्यावरून आम्ही दर उन्हाळ्यात भांडतो, आणि भांडून झालं की जर्दाळू वाटून घेतो.

त्याची बायको ल्युबा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी इंगा कोरियात, कारखान्यात कामाला. आमच्याकडची सगळी तरणी पोरं तिकडेच गेलीत, पणजोबांच्या देशात, जिथे त्यांना कुणी आपलं म्हणत नाही. उझबेकांच्या मुलखातल्या आमच्या या कोरियन वसाहतीत उरलो आम्ही म्हातारे, कुत्री आणि दारांवरची कुलपं. लावरेंतीच्या घरात तो नि त्याची आई, दोघंच. तो पासष्टीला टेकलेला, आई नव्वदीला.

आणि या दोघांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. भांडण होतं म्हणून नव्हे. भाषाच नव्हती.

लावरेंती सात वर्षांचा असताना आईबापांनी कांद्याची शेती धरली, तीही लांब, कझाकांच्या मुलखात. आमच्या लोकांची तेव्हा हीच रीत. थंडी सरायच्या आत गाठोडी बांधायची, परक्या जमिनीवर खोपटं घालायचं आणि पहिलं बर्फ पडायच्या आत कांदा विकून परत यायचं. पोरं कुठे ठेवायची? याला ताश्कंदच्या वसतिगृहाच्या शाळेत टाकला. निघताना आईने बजावलं, तिथे आपलं बोलू नकोस, पोरं हसतील, रशियन शीक म्हणजे माणसात येशील. पोरगं निघालं आज्ञाधारक. दर हिवाळ्यात घरी यायचा तो आदल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त रशियन होऊन. मग आईच मोडक्यातोडक्या रशियनमध्ये त्याला वाढायची, रागवायची, निजवायची. आयुष्यभर तेवढ्यावरच भागलं. माझंही काही वेगळं नाही. मला कोरियन येते ती खाण्याच्या पदार्थांपुरती आणि शिव्यांपुरती. फक्त माझी आई माझं रशियन ऐकून घेऊन वेळेत गेली.

लावरेंतीच्या आईला एका हिवाळ्यात झटका आला. हातपाय वाचले, जीभ वाचली, पण रशियन गेली ती गेलीच. सकाळी उठून पाणी मागायची तेही कोरियनमध्ये. लावरेंती कधी चहा आणून द्यायचा, कधी शाल, कधी औषध. ती मान हलवत राहायची. शेवटी स्वतःच भिंत धरत उठून पाणी घ्यायची.

तेव्हा म्हातारा त्रोफिम ओगाय होता म्हणून निभावलं. वसाहतीत कोरियन बोलणारा तेवढा एकच उरला होता. रोज दुपारी काठी टेकत यायचा, म्हातारीशी तासभर बोलायचा, दोघं मधेच पोरांसारखी खिदळायची. जाताना लावरेंतीला सांगायचा, "आईच्या पाठीत भरलंय. आणि तुझी कुकसी म्हणजे नुसतं शेवयांचं धुवण, असं म्हणते."

"एवढा वेळ काय फक्त हेच म्हणाली?"

"बाकीचं तुझ्या कामाचं नाही."

आमच्यात कुणी गेलं की हाक मारायचं कामही त्रोफिमचंच. माणूस गेला की त्याचा अंगातला सदरा घेऊन बाहेर उंचावर उभं राहायचं, सदरा हलवायचा, आणि घराण्याचं मूळ गाव, त्याचं नाव, जन्मसाल घेऊन तीनदा ओरडायचं, ये, तुझे कपडे घेऊन जा. हे आमच्या भाषेतच व्हावं लागतं. हाक न मारता पुरलेला माणूस दारापाशी घोटाळत राहतो म्हणतात. मी फारसं मानत नाही, पण आमच्या घरी कुणी गेलं तेव्हा त्रोफिमला बोलावल्याशिवाय मीही राहिले नाही.

मग त्रोफिमच गेला. आता त्याला हाक मारणार कोण? त्याच्या पुतण्याने शक्कल काढली. त्रोफिमचा नातू कोरियात होता, त्याला फोन लावला आणि फोन सदऱ्यात गुंडाळून छपरावर धरला. तिकडे पोरगा कारखान्यात, मागे यंत्रांचा धडधडाट. त्याने एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला फोन मधेच कट झाला. पुन्हा लावला तर लागेचना. पुतण्या म्हणाला, "जाऊ द्या, दोनदा ऐकलं असेल. कान चांगले होते त्यांचे." लोक तोंड फिरवून हसले. मीही हसले.

लावरेंतीची आई हसली नाही. ती कुंपणाला धरून उभी राहून सगळं बघत होती. काहीतरी बोलली, कुणालाच कळलं नाही. त्या दिवसापासून तिने ताटाकडे बघायचं सोडलं. दोन घास खायची आणि ताट सारायची. लावरेंती तिला बाळासारखं भरवायचा, "आई, एवढंच घे," रशियनमध्ये, आणि ती त्याच्याकडे अशी बघायची जसं आपण बंद दुकानाकडे बघतो.

एका सकाळी तो कुंपणाशी आला. चहाचा कप हातात, नेहमीसारखा अर्धा सोडलेला.

"फाया, आई घाबरलीय."

"मरणाला? या वयात?"

"मरणाला नाही गं. फोनला. वाजला की डोक्यावर शाल ओढते. तिला वाटतंय तिलाही फोनवरूनच..." उरलेला चहा त्याने जर्दाळूच्या मुळाशी ओतला. मग म्हणाला, "मी शिकणार."

"काय शिकणार?"

"कोरियन."

मी सुरी खाली ठेवली. "अरे, तुला रशियन धड लिहिता येत नाही! पिकल्या पानाला आता पालवी फुटणार होय?"

"त्रोफिमशी काय बोलायची ते तरी कळलं असतं तर... ती दिवसभर बोलते, फाया. भिंतीशी बोलते. मी तिथेच बसलेला असतो, आणि ती भिंतीशी बोलते."

यावर मी काही चेष्टा केली नाही.

इंगाने तिकडून फोनवरच त्याचं नाव घातलं. आमच्यासारख्या बाहेरच्या कोरियन लोकांसाठी आणि कामाला येऊ पाहणाऱ्यांसाठी तिकडच्या कुठल्याशा संस्थेने फुकट वर्ग चालवला होता, अगदी काहीच न येणाऱ्यांचा. आठवड्यातून तीनदा, आमच्या दुपारी चार वाजता. टॅबलेट माझा. तो लोणच्याच्या बरणीला टेकवून त्याच्या उन्हाळी स्वयंपाकघरात उभा केला. लावरेंती इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून बसला. पडद्यावर फक्त त्याचं कपाळ दिसत होतं.

शिक्षिका बान बाई तरुण होती, चष्मेवाली, रशियन शिकलेली. "आजोबा, जरा खाली करा, आम्हाला चेहरा दिसू दे," ती म्हणाली. लावरेंती स्वतःच खाली वाकला. वर्गात बाकीची सगळी उझबेक पोरं, तिकडे जाऊन वेल्डिंग करायला निघालेली. त्यातला शुख्रत नावाचा एक फार हजरजबाबी. लावरेंतीने पहिलं अक्षर असं गरजून म्हटलं की तो म्हणाला, "आजोबा, वर्ग ऑनलाइन आहे, तुम्ही तर थेट कोरियापर्यंत ऐकवताय!" बाईही हसल्या. लावरेंती कानापर्यंत लाल झाला, पण उठला नाही.

उठला असता तर बरं, असं मला पहिले काही दिवस वाटलं. कारण तो कांद्याच्या वाफ्यातही पाठांतर करायचा. खुरपी चालवत अ-आ-ओ-ऊ ओरडायचा. पलीकडच्या गल्लीतला रहीमजान चौकशी करून गेला, तुमची गाय हरवलीय का? गोठ्याच्या दारावर खडूने अक्षरं काढली होती. पावसाने पुसली की पुन्हा काढायचा. गाढवासारखी मेहनत करत होता. काल शिकलेलं आज पालथ्या घड्यावर पाणी. पण वर्ग चुकवला नाही. कांदा उपटायच्या ऐन दिवसांतही चार वाजता हातपाय धुऊन हजर. आणि खरं सांगू? त्याला तिथे कुणीतरी हाक मारत होतं, कसे आहात विचारत होतं, म्हणूनही तो जात असणार. वर्ग सुटला की पडदा काळा व्हायचा, आणि हा त्या काळ्या पडद्यासमोर थोडा वेळ तसाच बसून राहायचा.

एक दिवस मी कोबीचं सारण भरून वाफवलेल्या पिगोद्या घेऊन गेले होते, तेव्हा त्याने आईसमोर पहिलं वाक्य बोलायचं धाडस केलं. उभा राहिला, सदरा खाली ओढला, आणि म्हणाला, "जेवलीस का?" म्हणजे तसं काहीतरी. बान बाईच्या तिकडच्या राजधानीतल्या भाषेत, रेडिओवर बातम्या सांगतात तसं.

म्हातारीने आधी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग त्याच्याकडे. मग ती हसायला लागली. दात नाहीत, आवाज नाही, नुसते खांदे हलतायत आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटलं पुन्हा झटका आला. तिने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि बोलायला लागली. अशी बोलायला लागली की त्रोफिमशीसुद्धा कधी बोलली नव्हती. आमच्या त्या जुन्या, उत्तरेकडच्या खडबडीत बोलीत, न थांबता. आणि लावरेंती मान डोलवत होता. "हो, हो," कोरियनमध्ये. "हो, हो."

तिने त्या दिवशी पाच पिगोद्या खाल्ल्या.

मग रोज तेच. वर्ग नसेल त्या दिवशी चार वाजता, असेल त्या दिवशी वर्ग सुटल्यावर, दोघं जर्दाळूखालच्या बाकावर. ती बोलायची, तो "हो, हो". ती कधी रडायची, कधी हातवारे करून काहीतरी दाखवायची, कधी थांबून त्याच्याकडे बघायची. तो "हो, हो". जेवणखाण सुधारलं, गालांवर रंग आला. गल्लीत लावरेंतीचं कौतुक झालं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, पोटी असावा तर असा. तो मान खाली घालून निघून जायचा. मी म्हटलं, स्तुतीने लाजला.

"काय काय सांगते रे एवढं?" मी विचारलं.

"बरंच काही."

"म्हणजे काय?"

"जुनं काहीतरी."

त्याला ओळखते मी. खोटं बोलताना हा माणूस हळू बोलतो.

"लावरेंती, तुला किती कळतं त्यातलं?"

तो कुंपणाच्या तारेला लागलेलं गवत काढत बसला. मग म्हणाला, "पाणी. घर. ट्रेन. कधी कधी माझं नाव."

"मग सांग ना तिला! म्हणावं हळू बोल, मला येत नाही."

"कसं सांगू? अगं, जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलतेय. मी नाही म्हटलं की पुन्हा भिंतीकडे वळेल. माझ्याकडे तोंड करून बसते, फाया. मला तेवढं पुरे."

मी म्हटलं, बोलणं टॅबलेटवर टिपून घे, बान बाईंना ऐकव. त्याने करून पाहिलं. म्हातारीने यंत्र बघितलं आणि तोंड मिटलं. त्रोफिमच्या छपरावरचा फोन ती विसरली नव्हती. तो दिवस अबोल्यातच गेला. पुन्हा त्याने ते केलं नाही.

उन्हाळा कलायला लागला तशी ती खंगली. लावरेंतीने मग वर्ग सुटल्यावर बाईंना थांबवून घेतलं आणि विचारलं, मेलेल्याला हाक कशी मारतात ते मला शिकवा. बाई गोंधळल्या. त्यांनी असं कधी पाहिलंच नव्हतं. तिकडे आता माणसं इस्पितळात जातात, तिथूनच पुढचं सगळं होतं, छपरावर कोण चढणार? पण पोरगी चांगली. गावाकडच्या आपल्या आजीला विचारून आली, आणि पुढच्या वेळी शब्द घोटून घेतले.

"आता तुमच्या आईचं मूळ गाव आणि नाव सांगा, ते पुढे जोडायचं," बाई म्हणाल्या.

"वेरा," लावरेंती म्हणाला.

"ते रशियन झालं. कोरियन नाव?"

मी बाजूला गाजरं किसत होते. माझाही हात थांबला. त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही. वेरा हे पासपोर्ट काढताना लिहिलेलं. आमच्याकडे बाई लग्न करून आली की अमक्याची सून, आणि पोर झालं की अमक्याची आई. आईबापाचं नाव मुलाने तोंडाने घ्यायचं नाही, विचारणं तर दूरच. त्रोफिमला माहीत असेल, पण तो मातीत.

"मग विचारा त्यांना," बाई म्हणाल्या. "तुझं नाव काय, हा आपला पहिल्या दिवसाचा धडा. तुम्हाला तर पाठ आहे."

पाठ होतंच. पण तो कित्येक दिवस विचारेना. मी पिच्छा पुरवला तेव्हा उसळून म्हणाला, "तिने सांगितलं असेल गं मला! इतक्या दिवसांत शंभरदा सांगितलं असेल, आणि मी हो हो म्हटलं असेल! आता कुठल्या तोंडाने विचारू, बाई, तू कोण?"

"तोंड काळं झालं तरी चालेल. बिननावाची पाठवणार आहेस का तिला?"

त्याने विचारलं त्या दिवशी मी तिथेच होते. मुद्दामच गेले. म्हातारी बाकावर बसून बोलत होती, आणि तिच्या बोलण्याच्या मधेच त्याने ते वाक्य म्हटलं. पहिल्या दिवसाचा धडा. तुमचं नाव काय?

ती थांबली. मग तिने हळूच काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. या वेळी तो हो म्हणाला नाही. मान खाली घालून वर्गातल्या कोरियनमध्ये म्हणाला, "मला कळत नाही." तिने तेच पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "कळत नाही, आई. मला काहीच कळत नव्हतं."

मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर एक ठेवून देणार. तिने डोळे मिटले, आणि मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसा. मग त्याच्या गालावर हात फिरवला. ती हसतही होती. मला काही तिचं गणित कळलं नाही. त्याच्या छातीवर बोट टेकून तिने सावकाश शब्द उच्चारले, किम्हे, हेगाय, ओक्दान: माहेरचं मूळ गाव, घराणं आणि स्वतःचं नाव. त्याला म्हणायला लावले. पुन्हा. पुन्हा. बान बाईंपेक्षा कडक. जन्मसालही सांगितलं, बोटांवर दाखवून.

ओक्दान. इतकी वर्षं शेजारी राहिले, आणि तिचं नाव ओक्दान आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तिचं लांबलचक बोलणं बंद झालं. रागाने नव्हे. ती त्याच्याशी एकेक शब्द बोलायला लागली, लेकराशी बोलतात तसं. ये. बस. खा. पाणी. ते त्याला कळायचं, तो लगेच करायचा. जेवायचीही नीट. पण संध्याकाळी दोघं बाकावर गप्प बसून असायची, शेंगा सोलत. लावरेंती मला म्हणाला, "मी तिचं बोलणं बंद पाडलं. आता ती भिंतीशीही बोलत नाही." मी म्हटलं, असं काही नाही. पण तसंच होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकतंय असं तिला वाटलं होतं, आणि ते नव्हतं. मला दोघांचीही दया यायची, आणि दया आली की मी चिडते, म्हणून मी त्याच्याशी जर्दाळूवरून भांडण काढलं.

पहिलं दव पडलं त्या सकाळी ती गेली. रक्ताच्या माणसाने हाक मारू नये असं काही जण म्हणतात, पण दुसरा होता कोण? लावरेंती तिचा निळा सदरा घेऊन शिडीने गोठ्याच्या छपरावर चढला. गल्ली सगळी खाली जमली. त्याने सदरा हलवला आणि ओरडला. मूळ गाव, घराणं, नाव, साल, ये, तुझे कपडे घेऊन जा. तीन वेळा. त्याचा तो आवाज, ज्याला आम्ही जन्मभर हसलो, तो कालव्यापलीकडे गेला. रहीमजानची माणसं शेतात उभी राहिली. कुठे अडखळला नाही. मी मानत नाही म्हणते ना? माझ्या अंगावर काटा आला. उतरल्यावर म्हाताऱ्या बायकांनी त्याचे हात धरले, "आमच्या वेळीही तूच ये रे बाबा." तो हो म्हणाला.

पुरून आलो, जेवणं झाली, लोक गेले. इंगाला रजा मिळाली नाही, ती फोनवर रडली. घरात लावरेंती एकटा. मी ताट देऊन यायचे, तो अर्धं खायचा. सगळ्यांना वाटलं आता वर्ग सोडेल. ज्याच्यासाठी शिकत होता ते तर झालं. पण चार वाजले की तो बसायचाच. मी विचारलं, "आता कशाला?"

"सवय लागली," म्हणाला. आणि टॅबलेट पुसत, "ती भाषा घरात ऐकू येते."

शुख्रत तिकडे कामाला लागला, तिथल्या खोलीतून वर्गाला बसायचा. वर्ग थोडा पुढे सरकला होता. भावनांचे शब्द चालले होते, आनंद, कंटाळा, भीती. मी त्या दिवशी तिथेच कोबी चिरत होते. बान बाईंनी नवा शब्द दिला आणि अर्थ सांगितला, राग येणे. प्रत्येकाने एक वाक्य करा. शुख्रत म्हणाला, माझ्या मुकादमाला रोज राग येतो. सगळे हसले. कुणी बायकोचं केलं, कुणी कुत्र्याचं.

"आजोबा, तुम्ही?"

मी मान वर केली. लावरेंती पडद्याकडे बघत नव्हता.

"बाई, तो शब्द पुन्हा म्हणा."

बाईंनी म्हटला.

"पुन्हा. प्रश्न करून म्हणा. आई मुलाला विचारते तसा. तुला अजून माझा राग आहे का, असा."

बाईंनी तसा म्हटला. लावरेंती उठला. पडद्यावर आता त्याच्या सदऱ्याची बटणंच दिसत असणार. तो माझ्याकडे वळला, आणि त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा मला नीट ऐकू आला नाही.

"फाया, ती हेच विचारायची. रोज. उठून आत जाताना, माझा दंड धरून. शब्द थोडे वेगळे, पण हेच. तुला अजून माझा राग आहे का? आणि मी म्हणायचो..."

त्याने काय म्हटलं असेल ते मला माहीत होतं. मी कुंपणापलीकडून रोज ऐकत होते.

कोबीवरची सुरी मी खाली ठेवली. मग त्याने नाव विचारलं ती बाकावरची संध्याकाळ आठवली, आणि मी त्याचा हात धरला. "अरे वेड्या, तू तिला सांगितलंस ना, मला काही कळत नव्हतं म्हणून! तेव्हाही तिने हेच विचारलं असणार. तिला कळलं की तुझा हो म्हणजे हो नव्हता. म्हणून तर तिने तसा श्वास सोडला. मी बघितलंय. उगीच नाही हसली ती."

त्याने हात सोडवून घेतला.

"पण राग होता, फाया," तो म्हणाला. "सात वर्षांचा असल्यापासून होता. त्या शाळेच्या फाटकात ती मला सोडून गेली, मागे वळली नाही. मी कधी कुणाला सांगितलं नाही. ल्युबालाही नाही. आणि ते तिला माहीत होतं."

टॅबलेटमधून बान बाई विचारत होत्या, "आजोबा, आहात ना? ऐकू येतंय ना?"

तो खाली बसला. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि पडद्याला आपलं कपाळ दाखवत, सावकाश, बोटांवर शब्द मोजत बोलला. त्याचा अर्थ मलासुद्धा कळला.

"आई, तेव्हा राग होता. आता नाही."

वर्गात कुणी हसलं नाही, कुणाला काही ठाऊकही नव्हतं. बान बाईंनी मान डोलावली. "बरोबर. मी एकच सांगितलं होतं, आजोबा, तुम्ही दोन वाक्यं केलीत. छान. पुढे कोण?"